शिकाऱ्याचा मृत्यू आणि प्रेक्षकांचा न्याय

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवरील ‘वन्स अपॉन अ टाइम’ या मालिकेचा सातवा भाग 11 डिसेंबर 2011 रोजी दाखवला गेला आणि त्याच्या शेवटच्या मिनिटांत ग्रॅहम मेला. ग्रॅहम म्हणजे स्टोरीब्रुक गावचा शेरीफ आणि पूर्वायुष्यात हिमगौरीला ठार मारण्यासाठी राणीने पाठवलेला शिकारी. परीकथांवर बेतलेल्या मालिकेत, ज्याच्यावर प्रेक्षकांचा नुकता जीव जडू लागला होता असे एक प्रमुख पात्र इतक्या लवकर आणि इतक्या निर्दयपणे संपवले जाईल, अशी कल्पना फार थोड्यांनी केली असेल. हळहळ उमटली, राणीविषयी संताप उमटला आणि लेखकांविषयीही उमटला. या प्रतिक्रियांच्या मुळाशी दोन जुने प्रश्न आहेत. जे घडलेच नाही त्याचे दुःख माणसाला का होते, हा पहिला. दुसरा त्याहून कमी चर्चिलेला, पण परीकथेच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा: जी गोष्ट कल्पित आहे हे ठाऊक असते, तिच्याकडे माणूस न्याय का मागतो?

मालिकेचे कर्ते एडवर्ड किट्सिस आणि अॅडम होरोविट्झ. दुष्ट राणीच्या शापाने परीकथांतली सगळी मंडळी मेन राज्यातल्या एका लहान गावात येऊन पडली आहेत आणि आपण कोण होतो हे विसरली आहेत, अशी त्यांनी केलेली मांडणी. राणी रेजिना या नावाने गावाची महापौर झाली आहे. तिचा दत्तक मुलगा हेन्री याच्याजवळ गोष्टींचे एक पुस्तक आहे आणि गावकरी त्या पुस्तकातलेच आहेत हे त्याने ओळखले आहे. त्याची जन्मदाती एमा ही खरे तर हिमगौरीची मुलगी, पण तिला हे काही पटत नाही. प्रत्येक भागात दोन कथा आलटूनपालटून चालतात, एक गावातली आणि एक शापापूर्वीच्या अरण्यातली.

सातव्या भागातले अरण्य एका हरणापासून सुरू होते. शिकारी हरीण मारतो आणि त्याच्या कलेवरापाशी बसून रडतो. लांडग्यांनी वाढवलेला हा माणूस माणसांपेक्षा जनावरांत अधिक रमणारा. राणी त्याला हिमगौरीचे हृदय आणून द्यायला सांगते आणि मोबदला म्हणून तो लांडग्यांना अभय मागून घेतो. अरण्यात गेल्यावर हिमगौरी त्याचा हेतू ओळखते, पळायचा प्रयत्न करते आणि शेवटी राणीला एक पत्र लिहून मरणाला तयार होते. ते पत्र वाचून शिकाऱ्याचे डोळे भरून येतात. तो तिला सोडून देतो आणि हरणाचे हृदय पेटीत घालून राणीकडे नेतो. लबाडी उघडकीस येते आणि राणी त्याच्या छातीत हात घालून त्याचेच हृदय काढून घेते. तिथून तो तिचा बंदा. गावातल्या कथेत हाच माणूस शेरीफ आहे आणि रेजिनाशी त्याचे संबंध आहेत. पण आपल्याला काहीच का जाणवत नाही, हे त्याला कळत नाही. एमाच्या पहिल्या चुंबनाने त्याला लांडगा दिसतो, तो लांडगा त्याला रेजिनाच्या घराण्याच्या कबरीकडे नेतो, हेन्रीचे पुस्तक बाकीचे सांगते. शेवटी तो रेजिनाशी संबंध तोडतो, एमाचे पुन्हा चुंबन घेतो आणि त्याला सगळे आठवते. त्याच क्षणी कबरीखालच्या तळघरात रेजिना त्याचे हृदय मुठीत चिरडून त्याची माती करते. तो एमाच्या हातांत कोसळतो. गावाच्या दृष्टीने एका तरुण माणसाचे हृदय अचानक बंद पडले, एवढेच.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. खून झाला हे रेजिनाला ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला. एमाला ठाऊक नाही, गावाला नाही, हेन्रीला फार तर संशय. म्हणजे कथेच्या आत तक्रार करायलाही कोणी उरलेले नाही. गुन्ह्याचा एकमेव निःपक्ष साक्षीदार पडद्याच्या अलीकडे बसलेला आहे आणि त्याला साक्ष देण्याची सोय नाही. पुढचा भाग 8 जानेवारी 2012 रोजी आला आणि त्यात शेरीफच्या रिकाम्या जागेसाठी निवडणूक झाली. मधल्या चार आठवड्यांत प्रेक्षकांनी जो राग व्यक्त केला, त्यात या कोंडीचा वाटा मोठा होता.

आता पहिला प्रश्न. ग्रॅहमची भूमिका करणारा जेमी डॉर्नन हा नट जिवंत आहे, हे रडणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. मग रडणे कोणासाठी? कॉलिन रॅडफर्ड या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1975 मध्ये अॅना कॅरेनिनाच्या निमित्ताने हाच प्रश्न मांडला. त्याने दिलेला दाखला असा की एखादा मनुष्य आपल्या बहिणीची करुण कहाणी सांगतो, ऐकणाऱ्याला गलबलून येते, आणि मग तो म्हणतो, मला बहीणच नाही. त्याबरोबर दुःख ओसरते, उलट फसवले गेल्याचा राग येतो. कथा-कादंबरीत मात्र बहीण नाही हे पहिल्यापासून माहीत असूनही गलबलून येतेच. रॅडफर्डचा निष्कर्ष असा की हे माणसाच्या स्वभावातच आहे, पण तर्काला धरून नाही. केंडल वॉल्टनने 1978 मध्ये दुसरी वाट काढली. त्याच्या मते प्रेक्षक एका खेळात सामील झालेला असतो; भयपट पाहताना वाटते ते खऱ्या भीतीसारखे असते, पण खेळापुरते असते, म्हणून तर तो खुर्ची सोडून पळत नाही.

दोन्ही उत्तरांत प्रेक्षकाची थोडी अवहेलना आहे. एक त्याला विसंगत ठरवते, दुसरे त्याचे दुःख लुटुपुटीचे ठरवते. भारतीय साहित्यशास्त्राने हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी हाताळला तेव्हा त्याने प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. शंकुकाने चित्रातल्या घोड्याचे उदाहरण घेतले. चित्रातला घोडा पाहून होणारे ज्ञान खरे नाही, खोटे नाही, संशयाचे नाही आणि केवळ सारखेपणाचेही नाही. नटाच्या ठिकाणी होणारे रामाचे ज्ञान तसेच, स्वतःच्याच जातीचे. भट्टनायकाने त्यापुढे जाऊन साधारणीकरणाची कल्पना मांडली: नाट्यातले दुःख अमक्याचे किंवा तमक्याचे राहत नाही, व्यक्तीच्या खुंटीवरून ते सुटते. अभिनवगुप्ताने ती उचलली आणि समजावून सांगताना उदाहरण घेतले ते ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातल्या हरणाचे. दुष्यंताच्या रथापुढे ते जीव घेऊन धावते आहे. प्रेक्षकाला जी भीती जाणवते ती ‘मला भीती वाटते’ अशी नाही, ‘त्या हरणाला भीती वाटते’ अशीही नाही, ‘हा माझा शत्रू आहे’ किंवा ‘मित्र आहे’ अशीही नाही. स्थळकाळाच्या कुंपणातून सुटलेले निव्वळ भय त्याच्यासमोर उभे राहते आणि तोच त्याचा भयानक रस.

स्टोरीब्रुकच्या लेखकांनी अभिनवगुप्ताची ‘अभिनवभारती’ वाचली असण्याचे काही कारण नाही. तरी सुरुवातीच्या हरणाचे काम तेच आहे. शिकाऱ्याचे रडणे पाहताना प्रेक्षक अजून ग्रॅहमशी बांधला गेलेला नसतो. मरणाऱ्या प्राण्याविषयीची करुणा तेवढी त्याच्या मनात पेरली जाते. शेवटी तीच करुणा शिकाऱ्याकडे वळते. आपल्या ‘लोचन’ या टीकेत वाल्मीकींच्या शोकाविषयी अभिनवगुप्त जे म्हणतो तेही इथे लागू पडते. तो शोक मुनीचा स्वतःचा, व्यक्तिगत मानू नये. तसा असता तर मुनी नुसते दुःखी झाले असते, काव्य निपजले नसते. प्रेक्षकाला कोणाच्या मरणाचे वैयक्तिक सुतक नसते, म्हणूनच तो पुढच्या आठवड्यात मालिका पाहायला पुन्हा बसतो.

मराठीत या प्रश्नाला न. चिं. केळकरांनी वेगळे वळण दिले. 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण आपले स्वत्व पुरते सोडत नाही. एकाच वेळी तो आपण असतो आणि दुसराही असतो, आणि या दुहेरी असण्यातच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. तिच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. खलपात्राशी एकरूप कसे व्हायचे, ही त्यातली रास्त अडचण. पण ग्रॅहमच्या मृत्यूवरच्या प्रतिक्रियांना ती बरीच चपखल बसते. प्रेक्षक मरणाऱ्याशी एकरूप होता आणि त्याच वेळी ग्रॅहमला जे माहीत नव्हते ते जाणणारा, म्हणजे तळघरातली मूठ पाहणारा, असा वेगळाही होता. त्याच्या प्रतिक्रियेतली तडफड या दुसऱ्या अर्ध्यातून आली.

अभिनवगुप्ताने रसास्वादातल्या सात विघ्नांची यादी दिली आहे. पहिले विघ्न असंभाव्यतेचे. जे शक्यच वाटत नाही त्यात मन शिरत नाही. अलौकिक कृत्ये दाखवायची असतील तर रामासारखी, लोकांच्या मनात आधीच रुजलेली नावे घ्यावीत, हा त्यावरचा उतारा. छातीतून हृदय काढून पेटीत ठेवणे हे एरवी हास्यास्पद झाले असते, पण राणी, आरसा, अरण्य आणि शिकारी ही मंडळी प्रेक्षकाने लहानपणीच स्वीकारलेली असतात. परीकथेच्या जुन्या नावांवर ही मालिका विश्वासाची उचल घेते. उचल घेतली की परतफेडीचा प्रश्न येतो, आणि इथून दुसरा प्रश्न सुरू होतो.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात (पहिला खंड 1812) हिमगौरीची गोष्ट आहे. तिथे राणी हृदय मागत नाही, फुप्फुस आणि यकृत मागते. शिकारी मुलीची गयावया ऐकून तिला सोडतो आणि एका रानडुकराच्या पिल्लाचे अवयव नेऊन देतो. ते शिजवले जातात आणि राणी खातेही. आपल्या हातून मुलीला मारावे लागले नाही म्हणून मनावरचे दडपण उतरल्याचे समाधान त्याला होते, पण श्वापदे तिला खातीलच असेही तो धरून चालतो. त्याची दया इतकीच, अर्धीमुर्धी. त्यानंतर तो गोष्टीतून नाहीसा होतो, ना बक्षीस ना शिक्षा. राणीचा हिशेब मात्र चुकता होतो: हिमगौरीच्या लग्नात तिला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते. डिस्नेच्या 1937 च्या चित्रपटात डुकराचे हृदय पेटीतून जाते आणि पेटीचा तो प्रघात मालिकेने उचलला. शिकाऱ्याचे पुढे काय झाले, ही दोनशे वर्षे उघडी राहिलेली जागा होती. मालिकेने ती भरली आणि भरताना दयेची किंमत त्याच्याकडून वसूल केली.

हृदय शरीराबाहेर ठेवण्याची कल्पना ग्रिममधल्या हिमगौरीत नाही, पण ती जगभरच्या लोककथांत आहे आणि मराठी मुलांना ती राक्षसाचा जीव पोपटात असतो या रूपात ठाऊक असते. तिच्या सर्वांत प्रसिद्ध छापील नमुन्यांपैकी एक याच भूमीतून गेलेला आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर हिने आपल्या आयेकडून, अॅना लिबेराता डिसूझा हिच्याकडून, दख्खनच्या दौऱ्यात ऐकलेल्या गोष्टी 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध केल्या. अॅनाने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. त्यातली पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची. त्याचा जीव दूर अरण्यातल्या एका पोपटात. राजपुत्र तो पोपट मिळवतो, त्याचा एक पंख तोडतो तेव्हा जादूगाराचा एक हात गळून पडतो, पुढे दुसरा, मग पाय, आणि शेवटी मान मुरगळताच जादूगार मरतो. फ्रेझरने ‘गोल्डन बाउ’मध्ये बाह्य आत्म्याच्या विवेचनात ही गोष्ट घेतल्यामुळे ती जगभरच्या अभ्यासकांना परिचित झाली.

या गोष्टीत पोपटाची मान मुरगळली जाते तेव्हा ऐकणारे मूल रडत नाही. कारण जीव दडवून ठेवणारा दुष्ट असतो, त्याने तो न्यायापासून लपवण्यासाठी दडवलेला असतो, आणि तो सापडणे म्हणजेच न्याय. मालिकेने ही रचना उलटी केली. इथे जीव बाहेर आहे तो दया करणाऱ्याचा, पेटी आहे ती अपराध्याच्या ताब्यात, आणि मूठ आवळली जाते ती सत्य उघड होऊ नये म्हणून. मेलेला माणूस खरा नाही हे प्रेक्षक जाणतोच. त्याला आलेला राग प्रामुख्याने गोष्टीचा नियम मोडल्याचा राग आहे. रॅडफर्ड ज्या तर्कविसंगतीविषयी बोलतो ती त्यामुळे इथे फारशी उरत नाही. ग्रॅहम अस्तित्वात नसला तरी परीकथेचा करार अस्तित्वात आहे, श्रोत्यांच्या पिढ्यांनी तो पाळला आहे, आणि तो मोडला गेला असे म्हणायला पात्र खरे असावे लागत नाही.

नाट्यरूप परीकथेवरची प्रेक्षकांची अशीच एक प्रतिक्रिया चेस्टरटनने नोंदवली आहे. मॉरिस मेटरलिंकचे ‘निळा पक्षी’ हे नाटक 1908 मध्ये प्रथम मॉस्कोत रंगभूमीवर आले आणि नंतर लंडनमध्येही गाजले. त्यात दोन मुलांबरोबर त्यांचा कुत्रा आणि मांजर हेही प्रवासाला निघतात. कुत्रा इमानी, मांजर घरभेदी. नाटक पाहून काही मुले नाराज झाली, कारण शेवटी निवाड्याचा दिवस आलाच नाही; कुत्रा निष्ठावंत होता आणि मांजर दगाबाज होती हे त्या नायक-नायिकेला कोणी सांगितलेच नाही. मुले निरपराध असल्यामुळे त्यांना न्याय आवडतो आणि बहुतेक मोठी माणसे दुष्ट असल्यामुळे त्यांना क्षमा बरी वाटते, अशी त्याची त्यावरची टिप्पणी. टॉल्किनने 8 मार्च 1939 रोजी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या, पुढे वाढवून प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात हा दाखला घेतला. मुलांना गोष्ट ‘खरी का’ यापेक्षा ‘तो चांगला होता की वाईट’ हे समजून घ्यायचे असते, हे त्याचे निरीक्षण.

मुलांची ही मागणी लक्षपूर्वक पाहावी. त्यांना मांजरीला फटके हवे होते असे नाही. त्यांना हवे होते ते सत्य उघड होणे. कुत्र्याचे इमान कोणाच्या तरी लक्षात यावे, एवढेच. ग्रॅहमच्या बाबतीतही पुष्कळ प्रेक्षकांची तक्रार नेमकी हीच होती. तो मेला हे एक वेळ सोसले असते. पण कोणी मारले हे एमाला कळू नये आणि ज्याने तिच्या आईला जीवदान दिले त्याचे ऋण तिला कधी समजू नये, हे सोसण्यापलीकडचे होते.

टॉल्किनने परीकथेसाठी आणखी एक गोष्ट आवश्यक मानली: सर्वनाश समोर दिसत असताना अचानक येणारे मंगल वळण. श्रद्धाळू कॅथलिक असल्यामुळे त्याने या वळणाचा थेट संबंध ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाशी जोडला आणि परीकथेचा आनंद ही अंतिम सत्याची एक झलक आहे, असे म्हटले. हा दावा श्रद्धेचा आहे. तो न मानणाऱ्यालाही त्यातली रचना मान्य करता येते. हिमगौरीच्या चित्रपटांनी रुजवलेले मंगल वळण म्हणजे चुंबन. ग्रॅहमच्या भागात ते चुंबन येते, ते काम करते, शाप त्याच्यापुरता तुटतो, आणि त्याच श्वासात तो मरतो. वळण नाकारले असते तर प्रेक्षकाने ही शोकांतिका म्हणून स्वीकारली असती. ते देऊन काढून घेतले, हा खरा घाव. 13 मे 2012 च्या पर्वाच्या अखेरच्या भागात एमाने हेन्रीच्या कपाळाचे घेतलेले चुंबन शाप तोडते, म्हणजे नियम शाबूत होता. ग्रॅहमच्या वाट्याला तेवढा आला नाही. त्याच भागात भूतकाळातल्या प्रसंगात शिकारी पुन्हा दिसतो, राजपुत्राला निसटायला मदत करताना. प्रेक्षकांना ते भेटणे सुखाचे झाले, तरी त्याने हिशेब मिटत नाही.

न्याय्य शेवटाची ओढ ही बाळबोध रुचीची खूण आहे, असे समीक्षक अनेकदा मानतात. मग सॅम्युअल जॉन्सनचे काय करायचे? ‘किंग लिअर’मधल्या कॉर्डेलियाच्या मृत्यूचा त्याला एवढा धक्का बसला होता की 1765 च्या आवृत्तीचे संपादन करावे लागेपर्यंत ते शेवटचे प्रवेश आपण पुन्हा वाचू शकलो की नाही याची त्याला खात्री नव्हती. नेहम टेटने 1681 मध्ये कॉर्डेलियाला जिवंत ठेवून केलेले रूपांतरच सुमारे दीडशे वर्षे इंग्लिश रंगभूमीवर चालले, आणि जॉन्सनने प्रेक्षकांचा तो कौल मोडीत काढला नाही. भवभूतीनेही ‘उत्तररामचरिता’त सीतेला धरणीच्या पोटात कायमची जाऊ न देता रामाशी तिची भेट घडवली. मूळ कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकांसमोर.

प्रेक्षकांचा राग रेजिनावर थांबला नाही, तो लेखकांवर गेला. इथे हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या बाहेर पडून धर्मविचारात शिरतो. सज्जनाला दुःख का, हा प्रश्न ईश्वरवादी दर्शनांना सतत छळत आला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप मांडून उत्तर दिले आहे की ईश्वर जीवांच्या कर्मांना अनुसरून फळ देतो, म्हणून हा दोष त्याच्यावर येत नाही. शंकराचार्यांनी त्यासाठी पावसाचा दृष्टांत घेतला: पाऊस सगळीकडे सारखाच, भात की जव हे बीजावर ठरते. मालिकेच्या लेखकाला हा बचाव उपलब्ध नाही. ग्रॅहमचे कर्म त्यानेच लिहिले आणि फळही त्यानेच. कोणी म्हणेल की शिकाऱ्याने मुळात खुनाची सुपारी घेतली होतीच, तेव्हा तो काही धुतल्या तांदळाचा नव्हता. पण लेखकाने मृत्यूची वेळ निवडली ती त्या सुपारीशी जोडून नाही. दया, आठवण आणि रेजिनाला दिलेला नकार, या त्याच्या तिन्ही चांगल्या कृत्यांशी जोडून निवडली.

कर्त्यावर रागावणे हे मराठी भक्तीला परके नाही. नामदेव आणि जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, त्याला लागेल असे बोलतात, आणि ते भांडण भक्तीचाच भाग मानले जाते. कर्त्याने अधिक चांगले वागायला हवे होते, असे म्हणण्यात कर्ता तसे वागू शकतो हा विश्वास असतो. मालिकेवर चिडणारा प्रेक्षक तिच्यावरचा विश्वास संपल्यामुळे चिडत नाही. ज्याचा संपतो तो वाहिनी बदलतो.

या साऱ्यात सर्वांत अवघड भाग पुढे आला. एप्रिल 2012 मधल्या एका भागात रेजिनाचे तारुण्य दाखवले गेले. तिचे तबेल्यात काम करणाऱ्या डॅनियलवर प्रेम होते, आणि तिच्या आईने, कोराने, तिच्यादेखत त्याचे हृदय काढून चिरडले होते. म्हणजे ग्रॅहमवर तिने केलेला अत्याचार तिने प्रथम स्वतः भोगला होता. पुढच्या पर्वांत ती हळूहळू सुधारते आणि 2018 च्या शेवटच्या भागात सगळ्यांनी निवडलेली चांगली राणी म्हणून तिचा राज्याभिषेक होतो. लाना पारिया या अभिनेत्रीने ही भूमिका इतकी जिवंत केली की अनेकांना मालिकेत सर्वाधिक जवळची वाटली ती हीच. दुसरा गट मात्र सातवा भाग विसरायला तयार नव्हता. हृदय काढून घेतलेल्या माणसाला संमती देता येत नाही, तेव्हा रेजिनाचे त्याच्याशी असलेले संबंध हा खुनाइतकाच गंभीर गुन्हा होता, असा त्यांचा मुद्दा. आणि तो खोडून काढणे कठीण आहे.

पश्चात्तापाने पाप जाते का, याविषयी धर्मशास्त्रकारांचा काथ्याकूट इथे उपयोगी पडतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात एक बारीक भेद केला आहे. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. जाणूनबुजून केलेल्या पापाबाबत प्रायश्चित्त घेणारा व्यवहार्य होतो, म्हणजे समाज त्याच्याशी पुन्हा संबंध ठेवू शकतो. पाप मात्र नाहीसे झाले असे तिथे म्हटलेले नाही. रेजिनाच्या बाजूचे आणि विरोधातले प्रेक्षक या दोन गोष्टी एकच समजून वाद घालत होते. एकाला ती व्यवहार्य झालेली दिसत होती, दुसऱ्याला पाप शिल्लक दिसत होते, आणि दोघांचेही दिसणे बरोबर होते.

वाल्याची गोष्ट मराठी माणसाला अधिक परिचित असली तरी तिच्यात मारल्या गेलेल्यांचा आवाज नाही. त्या दृष्टीने मज्झिमनिकायातले अंगुलिमालसुत्त अधिक कठोर आहे. शेकडो माणसे मारणारा अंगुलिमाल भिक्षू होतो, अर्हतपदालाही पोचतो. तरी तो भिक्षेला गावात जातो तेव्हा कोणी ढेकूळ मारते, कोणी काठी, कोणी दगड. रक्ताळलेल्या अवस्थेत परतलेल्या त्या शिष्याला बुद्ध सहन करायला सांगतात: ज्या कर्मासाठी दीर्घकाळ नरकात भोगावे लागले असते त्याचे फळ तू इथेच भोगतो आहेस. सुत्तात मुक्ती नाकारलेली नाही आणि दगडही थांबवलेले नाहीत. स्टोरीब्रुकच्या लेखकांनी रेजिनाला क्षमा दिली यात त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. शापाखाली राहिलेल्या गावात दुसरी वाटही नव्हती. उणीव असलीच तर ती ग्रॅहमच्या बाजूने आहे. राज्याभिषेकाला जमलेल्या गर्दीत तो नव्हता, आणि त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तिथल्या कोणाकडेच नव्हता.